रे.मु.नं. चा ‘रमन’ झाला: पायथनमधून मराठी नावाचे फोल्डर कसे करावेत?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी.

कऱ्हाडला एका वकीलसाहेबांकडे कारकून आहे. टायपिंग, तारखांची डायरी, झेरॉक्स, पक्षकारांना चहा, आणि अलीकडे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. हे शेवटचं कुणी सांगितलेलं नाही, मीच अंगावर घेतलंय. कपाटातल्या सगळ्या फायली स्कॅन करायच्या आहेत आणि त्यासाठी आधी रिकामे फोल्डर तयार हवेत. एक्सेलमध्ये यादी आहे: आडनाव, गाव, दावा नंबर, कागदाचा प्रकार. हाताने फोल्डर करत बसलो तर साहेब रिटायर होतील, आणि वकील तर रिटायर होत नाहीत.

रचना अशी हवी. बाहेर ‘पाटील कऱ्हाड’, त्यात दाव्याचा नंबर ‘रे.मु.नं. १२३/२०१९’, त्यात ‘वकीलपत्र’, ‘कैफियत’, ‘७/१२ उतारा’, ‘फेरफार’ वगैरे. आणि प्रत्येक फोल्डरमध्ये ‘अनुक्रमणिका’ नावाची एक टेक्स्ट फाइल. सगळं मराठीतच पाहिजे. रोमनमध्ये शिंदे हे आडनाव चार कारकुनांनी चार तऱ्हांनी लिहिलंय आणि साहेबांना त्यातलं एकही सापडत नाही.

फाइलनावात न चालणारी चिन्हं काढायला नेटवर जिकडेतिकडे सापडते ती ओळ वापरली. रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं (मजकुरातले नमुने शोधायच्या चिन्हभाषेतलं) बॅकस्लॅश-डब्ल्यू, म्हणजे अक्षर, अंक, अंडरस्कोअर. त्यात स्पेस आणि डॅश जोडायचा. बाकी जे असेल ते उडवायचं. स्क्रिप्ट एकही एरर न देता शेवटपर्यंत चालली. मग डी ड्राइव्ह उघडला.

पाटलांचं ‘पटल’ झालंय. शिंदे ‘शद’, मोहिते ‘महत’, थोरात ‘थरत’. कदम तेवढे सहीसलामत. कैफियतीची ‘कफयत’, वकीलपत्राचं ‘वकलपतर’, आणि फेरफार आता ‘फरफर’ आहे. ७/१२ उताऱ्याचं ‘७१२ उतर’. रे.मु.नं. १२३/२०१९ या दाव्याचं नाव झालंय ‘रमन १२३२०१९’. साहेबांनी मागून वाकून विचारलं, ‘हा रमन कोण आपला पक्षकार?’

हे हसण्यावारी गेलं असतं, पण याच्यापुढे जे दिसलं ते गंभीर आहे. आमच्याकडे त्याच गावचे एक पटेलही आहेत. त्यांचा फोल्डर झालाच नाही. त्यांच्या कागदांचे फोल्डर ‘पटल’ मध्ये, म्हणजे पाटलांच्या पोटात. आणि एका दाव्यात हे दोघे समोरासमोर आहेत.

ती ओळ काढून टाकली तर काना-मात्रे परत येतात, पण तीन नवी दुखणी सुरू होतात. एक, ‘७/१२ उतारा’ करताना ‘असा फोल्डर सापडत नाही’ असा एरर. दोन, अनुक्रमणिकेची फाइल मराठी नावाने व्यवस्थित तयार होते, पण शून्य केबीची, आणि ‘चारमॅप’ असं काहीतरी म्हणत स्क्रिप्ट कोसळते. तीन, ‘पाटील कऱ्हाड’ नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी. दोन्ही सारखेच दिसतात, डोळे फाडून बघितले.

मशीन विंडोज १०, पायथन ३.११. यादी एक्सेलमधून सीएसव्ही यूटीएफ-८ करून घेतो. दोष विंडोजचा, पायथनचा की मराठीचा? आमच्या ऑफिसात एकमताने मराठीचा ठरलाय.

नंबरवाला

फाइलनावात मराठी हा हट्टच कशाला? प्रत्येक दाव्याला एक आकडा द्या, फोल्डर आकड्याचा, नावं एक्सेलमध्ये. आमच्या कंपनीत असंच करतो, कधी कटकट नाही.

अर्धा र

नंबरवाला, एक्सेलची ती शीट ज्या दिवशी उडेल त्या दिवशी काय कराल? आणि एखाद्या वकिलाला ‘सत्तावीस नंबरचा फोल्डर काढा’ म्हणून बघा. असो.

कृष्णाकाठ, ऑफिसचा निकाल अपिलात फिरवून घ्या. मराठीचा दोष नाही, विंडोजचाही नाही. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवर नावं युनिकोडमध्येच (सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला एक कोड देणाऱ्या पद्धतीत) राहतात, आणि पायथन ३ विंडोजवर मजकूर म्हणून दिलेली फाइलनावं सरळ युनिकोडच्या वाटेने पाठवतं; बाइटच्या रूपात दिलेलीही ३.६ पासून तशीच जातात. ३.६ आलं डिसेंबर २०१६ मध्ये. गंमत म्हणजे पीएचपी या वेबसाइटसाठीच्या भाषेची ७.१ आवृत्तीही त्याच महिन्यात आली आणि विंडोजवर मराठी फाइलनाव तिथे तेव्हाच सरळ झालं. त्याआधी बाइटच्या रूपातल्या नावांची दोन्हीकडे बोंब होती. म्हणून नेटवर अजूनही जुनी उत्तरं सापडतात, ‘नाव आधी विंडोजच्या कोडपेजमध्ये (एकेका लिपीपुरत्या जुन्या अक्षरतक्त्यात) बदलून घ्या’ अशी. ते फ्रेंच, जर्मन लोकांसाठी ठीक. देवनागरीसाठी विंडोजने तसलं जुन्या धर्तीचं कोडपेज कधी ठेवलंच नाही, त्यामुळे त्या सल्ल्यातून आपल्याला फक्त प्रश्नचिन्हं मिळायची. २०१६ च्या आधीचं उत्तर दिसलं की पुढे चला.

आता रमन. पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये बॅकस्लॅश-डब्ल्यू म्हणजे ज्याला पायथन ‘अक्षर किंवा अंक’ मानतो ते. युनिकोडने प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिलेला आहे. क, र, ड हे ‘अक्षर’ वर्गात. ७ आणि १२ मधले अंक ‘अंक’ वर्गात. पण काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त हे सगळे ‘जोडचिन्ह’ या वेगळ्या वर्गात. पायथनचं डब्ल्यू जोडचिन्हांना ओळखत नाही. म्हणजे ती ओळ मराठीला सांगते: व्यंजनं ठेव, बाकी चिन्हं दारातच सोड. रे मधली मात्रा गेली, मु चा उकार गेला, नं चा अनुस्वार गेला, टिंबं तर जाणारच होती. उरला रमन. कदमांना मात्राच नाही, म्हणून ते वाचले.

हे पायथनच्या लोकांना माहीत आहे, तक्रारही जुनी आहे. पण तुमच्या ३.११ मध्ये तरी ते तसंच आहे. ‘रेजेक्स’ नावाचं वेगळं मॉड्यूल बसवलं तर त्यातलं डब्ल्यू मात्रांना आपलं मानतं. वेबसाइट बनवायच्या जँगो या पायथनच्या साधनातलं स्लगिफाय युनिकोडची परवानगी देऊनही हाच घोळ घालतं. आणि तसल्याच वर्कझ्यूगमधलं सिक्युअर-फाइलनेम तर मराठी नाव दिलं की पूर्ण रिकामं हाती देतं, मात्रांसकट व्यंजनंही साफ. वेबसाइट करायला घ्याल तेव्हा आठवेल.

तुम्हाला मात्र यातलं काहीच नको. ‘काय ठेवायचं’ याची यादी करण्याऐवजी ‘काय चालत नाही’ याची करा, ती फार छोटी आहे. विंडोजला नऊ चिन्हं चालत नाहीत: दोन्ही तिरप्या रेघा, कोलन, तारांकन, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, लहान-मोठ्याचे दोन कंस आणि उभी रेघ. तेवढीच बदलून डॅश करा. उडवू नका, बदला, नाहीतर ७/१२ पुन्हा सातशे बारा होईल. तुमचा तो ‘सापडत नाही’ एरर याच तिरप्या रेघेचा आहे. ती दिसली की विंडोज समजतं ‘७’ नावाच्या फोल्डरमधला ‘१२ उतारा’ हा फोल्डर हवा आहे. ‘७’ नावाचा फोल्डर नाही, म्हणून एरर. दाव्याच्या फोल्डरमध्ये बघा, ‘रे.मु.नं. १२३’ आणि त्याच्या आत ‘२०१९’ असे दोन मजले चढलेले दिसतील. दाव्याचा फोल्डर करायला तुम्ही वाटेतले सगळे फोल्डर स्वतः बांधत जाणारी वेगळी ओळ वापरली असणार, म्हणून तिथे एररही आला नसेल. महाराष्ट्राचं सगळं महसूल खातं आणि सगळी न्यायालयं तिरप्या रेघेवर चालतात, त्याला इलाज नाही. ७-१२ म्हणा.

कोलनचा एक वेगळाच चटका आहे, तुमच्या कामात हमखास येणारा. ‘अंशतः मंजूर’ लिहिताना बरेच जण विसर्गाच्या जागी कीबोर्डवरचा कोलन मारतात. दिसायला तेच. पण एनटीएफएसवर फाइलनावातल्या कोलनला निराळा अर्थ आहे: कोलनच्या पुढचा भाग हा त्या फाइलला चिकटलेला छुपा कप्पा. म्हणजे ‘अंशत: मंजूर’ अशी टेक्स्ट फाइल केलीत तर फोल्डरमध्ये दिसणार ‘अंशत’ नावाची शून्य केबीची फाइल, आणि मजकूर त्या कप्प्यात, एक्स्प्लोररला न दिसणारा. एररसुद्धा नाही. सगळ्या कोलनचे विसर्ग आपोआप करू नका, कारण ‘दिनांक:’ मधला कोलन खराच कोलन असतो. स्क्रिप्टमध्ये डॅश करा आणि यादीतले ‘अंशत:’, ‘स्वत:’ एकदा हाताने दुरुस्त करा.

शून्य केबीच्या अनुक्रमणिकेचा फाइलनावाशी संबंध नाही. नाव व्यवस्थित गेलं, फाइल उघडली गेली, आणि आत मराठी मजकूर लिहिताना पायथनने विंडोजचं ठरलेलं जुनं एन्कोडिंग (अक्षरांचे बाइट करायची पद्धत) धरलं, जे आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर १२५२ असतं. त्यात देवनागरी बसत नाही म्हणून ‘चारमॅप’चा आरडाओरडा. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा, झालं. पायथन ३.१५ पासून तेच डीफॉल्ट व्हायचं ठरलंय, तोवर दर वेळी लिहायचं. सीएसव्ही वाचताना मात्र ‘यूटीएफ-८-सिग’ लिहा. एक्सेल फाइलच्या सुरुवातीला एक अदृश्य खूण ठेवतं, ती नाहीतर पहिल्या मथळ्याला चिकटते आणि ‘आडनाव’ नावाचा कॉलमच नाही असं स्क्रिप्ट म्हणते.

पटेल-पाटलांचं शेवटी. फोल्डर करताना तुम्ही ‘आधीच असेल तर चालेल’ असं सांगणारी खूण चालू ठेवली असणार. सगळे नमुना-कोड ती ठेवतात. तुमच्या कामात ती बंद करा. एकाच नावाचे दोन पक्षकार आले की स्क्रिप्टने तिथेच थांबलं पाहिजे आणि तुम्ही बघून ठरवलं पाहिजे.

जुळे कऱ्हाड राहिले. ते न बघता सांगणार नाही. दोन्ही फोल्डरांची नावं पायथनला वाचायला लावा आणि ‘अॅस्की’ या फंक्शनमधून छापा. आत काय आहे ते कोडच्या रूपात दिसेल. ते इथे टाका.

कृष्णाकाठ

अर्धा र साहेब, शतशः धन्यवाद, विसर्गासकट. चिन्हं बदलून चालवलं, रमन गेला, रे-मु-नं परत आले. (टिंबंही डॅश केली होती, ती आता परत ठेवतो.) अनुक्रमणिका भरल्या.

‘अंशत:’ शोधलं. यादीत कोलनवालेच जास्त निघाले. आमच्याकडचा जुना टायपिस्ट टाइपरायटरवर शिकलेला, त्याचा हात तसाच बसलाय.

आता जुळे. पहिल्या कऱ्हाडमध्ये सहा कोड आहेत: ०९१५, ०९३१, ०९४डी, ०९३९, ०९३ई, ०९२१. दुसऱ्यात सात: ०९१५, ०९३०, ०९४डी, २००डी, ०९३९, ०९३ई, ०९२१. म्हणजे एकात ०९३१ आहे तिथे दुसऱ्यात ०९३०, आणि हलन्तानंतर एक जादा २००डी घुसलाय. तो डोळ्यांना दिसत नाही. अर्धी यादी मी टाइप केली आणि अर्धी दुसऱ्याने, त्याचा कीबोर्ड वेगळा आहे, एवढंच सांगू शकतो.

अर्धा र

वाटलंच होतं. माझं इथलं नाव काही उगाच नाही.

कऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा, दऱ्या यांतला तो आडव्या मिशीसारखा अर्धा र. तो युनिकोडमध्ये लिहायचे दोन रस्ते आहेत. एक, ०९३१ म्हणजे नुक्त्याचा ऱ, त्याला हलन्त. दुसरा जुना: साधा र, हलन्त, आणि त्यामागे २००डी, म्हणजे शून्य रुंदीचा जोडक. युनिकोडच्या २.० आवृत्तीत दुसरा होता, नंतर पहिला आला आणि दुसरा जुन्या मजकुरासाठी चालू ठेवला. कुठल्या कीबोर्डातून कुठला निघेल ते तो बनवणाऱ्यावर. फॉन्ट दोन्हींचं चित्र एकच काढतो, विंडोजला चित्राशी कर्तव्य नाही, त्याच्या दृष्टीने ही दोन गावं आहेत.

आता सगळीकडे सांगतात की नाव ‘नॉर्मलाइझ’ करा, पायथनच्या यूनिकोडडेटा मॉड्यूलमध्ये तसं फंक्शन आहे, एनएफसी नावाचं रूप घ्या की सगळं एकसारखं होतं. घ्याच. पण तेवढ्याने तुमचे जुळे एक होणार नाहीत. एनएफसी काय करतं, तर र आणि सुटा नुक्ता असे दोन कोड आले तर त्यांचा एक ०९३१ करतं. २००डी ला मात्र ते शिवत नाही. मराठीसाठी एक नियम आपला आपण लिहावा लागतो: ०९३०, ०९४डी, २००डी हे तिघे याच क्रमाने दिसले की त्यांच्या जागी ०९३१, ०९४डी.

क्रम इथे फार महत्त्वाचा. काही जण हुशारी करून आधी सगळे अदृश्य जोडक उडवतात. तसं केलंत तर मागे उरतो साधा र आणि हलन्त, आणि त्याचा होतो रफार. सह्याद्रीच्या दऱ्या जाऊन तिथे दर्या येतो. कऱ्हाडचं काय होईल ते तुमच्या स्क्रीनवर बघा, माझ्याने इथे लिहवत नाही. तेव्हा आधी अर्धा र सांभाळा, मग उरलेसुरले २००डी आणि त्याचा भाऊ २००सी काढा. काढल्याने एखादं जोडाक्षर थोडं वेगळं दिसेल, फोल्डरच्या नावाला ते चालून जातं. यादीतल्या मूळ मजकुराला हात लावू नका, फक्त नाव बनवतानाच हे करा.

सदाशिव उंदीर

मॅकवाले कुणी असतील तर त्यांच्यासाठी. जुन्या मॅकची एचएफएस प्लस डिस्क फाइलनावं स्वतःहून फोडून ठेवते, म्हणजे तुम्ही ०९३१ दिलात तरी ती र आणि नुक्ता असे दोन कोड लिहिते. माझ्याकडे लग्नाच्या फोटोंची जुनी हार्ड डिस्क आहे, त्यात ‘वऱ्हाडी’ फोल्डर. पायथनमधून डिस्कवरच्या नावांच्या यादीत शोधलं की ‘नाही’ म्हणतो, फाइंडरमध्ये समोर दिसतोय. २०१७ मध्ये हाय सिएराबरोबर आलेली एपीएफएस असं फोडत नाही, दिलेलं जसंच्या तसं ठेवते आणि शोधताना दोन्ही रूपं एकच धरते. पण डिस्कवरून वाचलेलं नाव तुम्ही कोडमध्ये स्वतः ताडून बघणार असाल तर दोन्ही बाजूंना एनएफसी करूनच ताडा. लिनक्सला तर नाव म्हणजे नुसते बाइट, तिथे जुळेच काय तिळेही सुखाने नांदतात.

लिनक्सवरून आठवलं, कृष्णाकाठ, बॅकअप कुठे घेता? नेटवर्कवरच्या डब्यात (सगळ्यांच्या सामाईक स्टोरेजमध्ये) घेत असाल तर आत बहुधा लिनक्स असतं, आणि तिथे एका नावाची मर्यादा २५५ बाइट. विंडोजवर २५५ आहेत ते यूटीएफ-१६ चे एकक, म्हणजे देवनागरीचं एक चिन्ह एक मोजलं जातं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रा धरून, तीन बाइट घेतं. २५५ ला तीनने भागा, ८५. त्यातून एक्स्टेन्शन वजा करा. डब्यावरचा फोल्डर एन्क्रिप्ट केलेला असेल आणि आत इक्रिप्टएफएस असेल तर मर्यादा १४३ बाइट, म्हणजे ४७ चिन्हं. ‘ग्रामपंचायत’ एवढ्या एका शब्दालाच ११ लागतात. वकिली शीर्षकं ‘अमुक व इतर विरुद्ध तमुक व इतर’ अशी असली तर गाठलंच म्हणून समजा.

कृष्णाकाठ

डब्यातच घेतो. आणि शीर्षकं तशीच आहेत. एका वाटपाच्या दाव्यात वादी-प्रतिवादी मिळून अर्धा गाव आहे. लांब नावं कापू कशी? पहिली ८० चिन्हं घेऊन बाकी सोडली तर चालेल ना?

अर्धा र

चालेल, पण कुऱ्हाड जोडाक्षरावर पडू देऊ नका. ८० वं चिन्ह हलन्त असेल तर शेवटचं अक्षर लंगडं राहील, आणि मात्रेच्या आधी कापलं तर ‘पाटील’ चं ‘पाट’. सोपा उपाय, ८० पर्यंतची शेवटची स्पेस शोधा आणि तिथे कापा. पूर्ण शब्द जातील किंवा राहतील. पूर्ण शीर्षक अनुक्रमणिकेच्या पहिल्या ओळीत लिहा, तिथे मर्यादा नाही.

विंडोजवर पूर्ण पत्त्यालाही साधारण २६० ची मर्यादा असते, ड्राइव्हपासून फाइलपर्यंत सगळं मिळून. तुमचे तीन मजले आहेत, तेव्हा ८० ऐवजी प्रत्येक मजला ५०-६० च्या आत (डब्यावर इक्रिप्टएफएस असेल तर ४७ च्या आत) ठेवलात तर दोन्हीकडे निभेल.

टंकलेखिका

चर्चा वाचून राहवलं नाही. दादा, तुमच्या यादीत ‘ॲड.’ असेल, वकिलांच्या ऑफिसात नसेल असं होणार नाही. त्याचेही जुळे असतात. ‘ॲ’ साठी स्वतंत्र कोड आहे, ०९७२, तो युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधी सगळे अ वर चंद्र देऊन काम भागवायचे, आणि बरेच कीबोर्ड अजूनही तेच करतात. दोन्ही सारखेच दिसतात आणि इथेही ते नॉर्मलाइझ काही करत नाही. अर्धा र यांच्या नियमाशेजारी हा दुसरा लिहून टाका: ०९०५ आणि ०९४५ लागोपाठ आले की ०९७२. वर त्यांनीच ‘अॅस्की’ लिहिलंय ते कॉपी करून बघा, त्यांचाही अ-वर-चंद्रच निघेल.

दुसरं. जुनी फाइल हाताला लागली आणि फोल्डरचं नाव रोमन अक्षरांची खिचडी दिसलं तर घाबरू नका, तो मजकूर युनिकोडच नाही. श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फॉन्टांत रोमन अक्षरांनाच मराठी कपडे घातलेले असतात. एक्सेलच्या खान्यात फॉन्ट लावलेला असतो म्हणून मराठी दिसतं, एक्स्प्लोरर स्वतःचा फॉन्ट वापरतो म्हणून तिथे कपडे उतरतात. त्या ओळी आधी कन्व्हर्टरमधून काढाव्या लागतील, आणि काढल्यावर अर्धा र, रफार आणि पहिली वेलांटी नजरेखालून घाला. मी डीटीपीत असताना कन्व्हर्टरने हमखास चुकवलेल्या जागा याच.

अर्धा र

ताई, निघाला. अ-वर-चंद्रच.

कृष्णाकाठ

ताईंचा नियम घातला. यादीत दोन्ही प्रकारचे ‘ॲड.’ होते, आमच्या साहेबांचं स्वतःचं नाव दोन फोल्डरांत विभागलं गेलं होतं.

सगळं नव्या ड्राइव्हवर पुन्हा चालवलं. जुनं ‘पटल’ पुसायच्या आधी पटेलांचे फोल्डर दावा नंबर बघून बाहेर काढले. ‘आधीच असेल तर चालेल’ बंद केल्यावर स्क्रिप्ट दोनदा थांबली. दोन्ही वेळा खरंच एकाच गावातले, एकाच आडनावाचे दोन वेगळे पक्षकार होते, त्यांना आता वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर जोडलंय.

एकच गोष्ट राहिली. शेवटी एक ताळा ठेवलाय: स्क्रिप्टने केलेली नावं आणि डिस्कवर दिसणारी नावं जुळतात का. सगळी जुळली, फक्त ज्यांच्या शेवटी ‘व इ.’ आहे ती सोडून. स्क्रिप्ट म्हणते ‘पाटील व इ.’ केला, डिस्कवर ‘पाटील व इ’. टिंब कुणी खाल्लं?

सदाशिव उंदीर

विंडोजने. नावाच्या शेवटची टिंबं आणि स्पेस ते न सांगता काढून टाकतं, फक्त शेवटची, ‘रे.मु.नं.’ च्या मधली नाही. नाव बनवणाऱ्या फंक्शनच्या अगदी शेवटी उजवीकडची टिंबं-स्पेस तुम्हीच काढा, लांब नाव कापून झाल्यावर. कापताना शब्दाच्या शेवटी नवं टिंब येऊ शकतं.